पहिल्या रिपोर्टात ओव्हरी, दुसऱ्यात ट्यूब: आईचा कॅन्सर तीन आठवड्यांत पसरला का?

एका मुलीचा प्रश्न आहे. आईचं वय ५६. पोट जड वाटतं, जरा खाल्लं तरी भरल्यासारखं होतं म्हणून सोनोग्राफी केली. उजव्या अंडाशयात ७ सेंटिमीटरची गाठ निघाली, रक्तातलं सीए १२५, म्हणजे या कॅन्सरमध्ये अनेकदा वाढणारं प्रथिन, होतं ६८. जिल्ह्याच्या ठिकाणी ऑपरेशन झालं: पिशवी, दोन्ही अंडाशय, दोन्ही नळ्या आणि ओमेंटम, म्हणजे आतड्यांवरचा चरबीचा पदर, काढलं. पोट धुतलेलं पाणी तपासलं, त्यात पेशी सापडल्या नाहीत. रिपोर्ट आला, ‘हाय ग्रेड सिरस कार्सिनोमा, उजवी ओव्हरी, स्टेज १ए’ (हाय ग्रेड सिरस हा या कॅन्सरचा जोमाने वाढणारा प्रकार). किमोसाठी मोठ्या शहरात गेल्यावर तिथे स्लाइड आणि ब्लॉक पुन्हा तपासले, आणि नवा रिपोर्ट म्हणतो, ‘उजव्या फॅलोपियन ट्यूबचा कॅन्सर, ओव्हरीत पसरलेला, स्टेज २ए’. मुलगी विचारते: तीन आठवड्यांत आजार पसरला का? की पहिल्या डॉक्टरांचं चुकलं? ट्यूबचा कॅन्सर ओव्हरीच्या कॅन्सरपेक्षा वाईट का? आणि आजीही ‘पोटात पाणी होऊन’ गेली होती, तर मी (३१) आणि माझ्या दोन मावश्यांनी काय करायचं?

मी २२ वर्षं बायकांच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रिया करते आहे. तुमच्या आईंना मी तपासलेलं नाही, त्यामुळे शेवटचा शब्द त्यांच्या डॉक्टरांचाच. पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर रिपोर्ट न बघताही देता येतं. नाही, पसरला नाही. जे काढलं ते एकाच दिवशी, एकाच टेबलावर काढलं. नंतर ते मेणाच्या ब्लॉकमध्ये बंद होतं, आणि मेणात काही वाढत नाही. दुसऱ्या ठिकाणी तोच ऐवज वेगळ्या नजरेने पाहिला गेला, एवढंच झालं.

तुमचा खरा प्रश्न मला वेगळाच वाटतो. हा कॅन्सर सुरू कुठे झाला आणि त्याने काय फरक पडतो, हे तुम्हाला कोणी बसून सांगितलेलं नाही.

मी शिकत होते तेव्हा नळीला, म्हणजे फॅलोपियन ट्यूबला, कोणी विचारत नसे. अंडाशय काढताना सोबत येणारी दोरी, इतकीच तिची किंमत. गाठ मोठी दिसायची अंडाशयात, म्हणून कॅन्सर अंडाशयाचा. ‘नळीचा कॅन्सर’ असं निदान करायचं तर पॅथॉलॉजिस्टला भक्कम पुरावा द्यावा लागे, अंडाशयाला मात्र पुराव्याशिवायच दोषी धरलं जाई. त्यामुळे नळीचा कॅन्सर म्हणजे बायकांच्या कॅन्सरमध्ये शेकडा एकसुद्धा नाही असा दुर्मिळ आजार, हेच आम्ही पाठ केलं.

हे चित्र पालटलं ते निरोगी बायकांमुळे. बीआरसीए जनुकात दोष असलेल्या (या दोषाने स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका बराच वाढतो) काही स्त्रिया कॅन्सर व्हायच्या आधीच अंडाशय आणि नळ्या काढून घेऊ लागल्या. २००१ साली नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी अशा नळ्या नीट तपासल्या, तर अंडाशय साफ आणि नळीच्या आतल्या अस्तरात मात्र बिघडलेल्या पेशी, असं वारंवार दिसलं. पुढे बॉस्टनच्या पॅथॉलॉजिस्टनी नळीचं झालरीचं टोक उभं-आडवं बारीक कापून पूर्ण तपासायची पद्धत बसवली. ती पद्धत वापरायला लागल्यावर हाय ग्रेड सिरस कॅन्सरच्या पुष्कळ रुग्णांच्या नळीत तो पहिला ठिपका सापडायला लागला. रिपोर्टमध्ये त्याला ‘एसटीआयसी’ किंवा ‘स्टिक’ लिहितात. तुमच्या नव्या रिपोर्टात हा शब्द शोधा, बहुधा असणार. तो ठिपका अनेकदा मोहरीच्या दाण्याएवढाही नसतो. तिथून सुटलेली पेशी शेजारच्या अंडाशयावर रुजते आणि तिथे लिंबाएवढी, नारळाएवढी वाढते. सोनोग्राफीत नारळ दिसतो, मोहरी दिसत नाही.

२०१७ साली नऊ रुग्णांच्या पेशींचे जनुकीय बदल ताडून पाहिले गेले. नळीतला ठिपका ते अंडाशयातला कॅन्सर, यांत सरासरी साडेसहा वर्षांचं अंतर असावं असा अंदाज निघाला. नऊच रुग्ण, म्हणून आकडा घट्ट धरू नका. पण आजार पावसाळ्यात आला आणि दिवाळीत कळला असं नसतं, हे त्यातून समजतं. ‘आईने दोन महिने दुखणं अंगावर काढलं म्हणून हे झालं’ असं घरात कोणी बोलत असेल तर त्यांना हे सांगा.

आता १ए ची २ए कशी झाली ते बघू. फिगो ही स्त्रीरोगतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संस्था स्टेज ठरवण्याचे नियम करते. २०१४ मध्ये तिने अंडाशय, नळी आणि पोटाचा आतला पडदा या तिघांच्या कॅन्सरसाठी एकच तक्ता केला. त्यात स्टेज १ म्हणजे आजार अंडाशयात किंवा नळीतच, आणि २ए म्हणजे उगमाच्या जागेवरून गर्भाशय, नळी किंवा अंडाशय यांपैकी दुसऱ्या कशावर तरी गेलेला. दुसरीकडे पॅथॉलॉजिस्टनी उगम ठरवण्याचा नियमही बदलला: नळीच्या अस्तरात ठिपका सापडला तर उगम नळीत धरायचा, अंडाशयातली गाठ कितीही मोठी असो. हे दोन नियम एकत्र लावा. ठिपका सापडला नाही तर ‘ओव्हरी, १ए’. सापडला तर ‘ट्यूब, ओव्हरीत गेलेला, २ए’. पोटातला आजार दोन्ही वेळी तोच. हे नियम येण्याआधी तुमच्या आईंसारख्या रुग्णाला आम्ही बिनदिक्कत पहिली स्टेज लिहिली असती.

मग पहिल्या डॉक्टरांचं चुकलं का? मी चूक म्हणणार नाही. नळीचे एक-दोन तुकडे कापून तपासायची जुनी रीत बऱ्याच ठिकाणी अजून आहे, आणि तेवढ्या तुकड्यांत मोहरी सापडेलच असं नाही. त्यांनी ओमेंटम काढलं, पोट धुऊन पाणी तपासलं, या दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. कित्येकदा माझ्याकडे रुग्ण येते ती नुसती गाठ काढून. गाठ फोडून तुकड्यांनी बाहेर काढलेली असते, पाणी तपासलेलं नसतं, आणि हातात कागद असतो ‘ओव्हेरियन सिस्ट रिमूव्ह्ड’ एवढाच. गाठ ऑपरेशनमध्ये फुटली तर १ए ची १सी होते, आणि तो बदल कागदावरचा नसतो, तो खरा असतो.

‘कुठला वाईट’ या प्रश्नावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण इथेच लोकांची फसगत होते. इंटरनेटवर ‘स्टेज १ ओव्हेरियन कॅन्सर’ शोधलंत की बरे वाटावेत असे आकडे येतात. पण ते कोणाचे आहेत? अंडाशयाचा कॅन्सर एक आजार नाही, एका आडनावाची चार-पाच घरं आहेत. सगळ्या स्टेज मिळून पाहिलं तर साधारण ७० टक्के रुग्ण हाय ग्रेड सिरसच्या असतात. पण पहिल्या स्टेजला सापडणाऱ्यांत एंडोमेट्रिऑइड, क्लिअर सेल, म्युसिनस या प्रकारांचा भरणा असतो. हे बहुतेक अंडाशयातच सुरू होतात. पहिले दोन तर पुष्कळदा एंडोमेट्रिओसिसमधून, म्हणजे ज्याला चॉकलेट सिस्ट म्हणतात त्यातून निघतात. अंडाशयाला बाहेरून चिवट आवरण असतं, आणि त्याच्या आत हे प्रकार बराच काळ कोंडून राहू शकतात. गाठ मोठी होते, पोटाला टोचते, पीळ पडून कळ येते, बाई डॉक्टरकडे जाते आणि लवकर सापडते.

नळीला असं कुंपण नाही. तिचं एक तोंड गर्भाशयात उघडतं आणि दुसरं, झालरीचं, सरळ पोटाच्या पोकळीत. कॅन्सर नेमका त्या झालरीत सुरू होतो. दाराच्या उंबऱ्यावर बसलेल्याला बाहेर पडायला वेळ लागत नाही. त्यामुळे नळीतच असताना सापडलेला कॅन्सर विरळा, आणि तो सापडतो तेही दुसऱ्याच कारणाने केलेल्या ऑपरेशनमध्ये. पाळी गेलेल्या बाईला पाण्यासारखा स्राव, खालच्या पोटात येऊन-जाऊन कळ आणि स्राव झाल्यावर कळ कमी, अशी जुन्या पुस्तकांतली खूण मी माझ्या सगळ्या वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा पाहिली आहे. तरीही पाळी बंद झाल्यावर असा पाणेरी स्राव होत असेल तर ‘अंगावरून जातंय’ म्हणून घरी बसू नये.

म्हणून ‘स्टेज १ ओव्हरी’ आणि ‘स्टेज १ ट्यूब’ यांची तुलना केली तर ती दोन अवयवांची होत नाही, दोन प्रकारच्या पेशींची होते. प्रकार सारखा धरा, म्हणजे दोन्हीकडे हाय ग्रेड सिरस, स्टेजही तीच, तर अंडाशय की नळी यावर मी माझा एकही निर्णय बदलत नाही. ऑपरेशन तेच, औषधं तीच, फॉलोअप तोच. मला कोणी एकच गोष्ट विचारायला सांगितली तर मी अवयव विचारणार नाही, पेशीचा प्रकार विचारीन.

याचा तुमच्या आईंच्या उपचाराशी थेट संबंध आहे. म्युसिनस किंवा कमी ग्रेडचा एंडोमेट्रिऑइड, नीट तपासलेली १ए, अशी रुग्ण असती तर मी ऑपरेशनवर थांबले असते, किमो दिली नसती. तरुण मुलगी असती तर एक अंडाशय आणि पिशवी वाचवायचाही विचार केला असता. हाय ग्रेड सिरसमध्ये मात्र १ए असली तरी किमोचा सल्ला देते. २००३ साली युरोपातल्या दोन चाचण्यांचे निकाल एकत्र मांडले गेले, ९२५ रुग्णांचे. सुरुवातीच्या स्टेजला ऑपरेशननंतर लगेच किमो घेतलेल्यांपैकी पाच वर्षांनी ८२ टक्के हयात होत्या, न घेतलेल्यांपैकी ७४ टक्के. किती डोस, हा पुढचा वाद. अमेरिकेतल्या चाचणीत ३ विरुद्ध ६ असं करून पाहिलं, एकूण फरक ठाम निघाला नाही. पण सिरस प्रकाराच्या रुग्णांचा हिशोब वेगळा काढला तेव्हा ६ घेतलेल्यांत आजार कमी उलटला. म्हणून कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल, दर तीन आठवड्यांनी, सहा वेळा. तुम्हाला सहा सांगितलेत ते २ए झाली म्हणून नव्हे. पहिला रिपोर्ट खरा धरला असता तरी मी सहाच सांगितले असते.

परिस्थितीवर अवलंबून असलेल्या दोन-तीन गोष्टी आहेत. पहिली, पोट पूर्ण पाहिलं गेलं का? ऑपरेशन नोटमध्ये डायफ्रॅम (छाती आणि पोट यांमधला पडदा), आतड्यांचे पृष्ठभाग, लिम्फ नोड (लसिकाग्रंथी) यांचा उल्लेख आहे का बघा. वरवर पहिली स्टेज वाटणाऱ्या रुग्णांना पुन्हा नीट तपासलं तर साधारण तिघींत एकीत आजार पुढे गेलेला सापडतो, हे १९८० च्या दशकापासून माहीत आहे. नोट तोकडी असेल तर सीटी स्कॅन आणि ट्यूमर बोर्डात, म्हणजे वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या बैठकीत, चर्चा हवी. स्कॅन साफ आणि किमो द्यायचीच आहे, अशा वेळी निव्वळ नोड काढायला पुन्हा पोट उघडायचा सल्ला मी क्वचित देते. पण आडव्या छोट्या छेदातून ऑपरेशन झालं असेल आणि वरचं पोट कोणी पाहिलंच नसेल तर माझं मत बदलू शकतं. दुसरी, वेळ. रिपोर्टच्या गोंधळात किमो लांबवू नका. ऑपरेशननंतर चार ते सहा आठवड्यांत सुरू झालेली बरी, आणि तुमचे तीन कधीच गेलेत.

तिसरी गोष्ट म्हणजे स्टेजच्या नावाने खरोखर फरक पडतो ती जागा. बीआरसीए दोष असलेल्या रुग्णांना किमोनंतर ओलापरिब गटातल्या गोळ्या दिल्या जातात. २०१८ मध्ये ज्या चाचणीने हे सिद्ध केलं तिच्यात तिसऱ्या-चौथ्या स्टेजच्याच रुग्ण होत्या. दुसऱ्या स्टेजला द्याव्या का यावर मतं एकसारखी नाहीत, पण निदान चर्चेचं दार उघडं असतं. पहिल्या स्टेजला ते बंद असतं. तेव्हा आईंची जनुक-तपासणी आली की हा विषय त्यांच्या डॉक्टरांकडे काढा. आणि एक कारकुनी सूचना: विमा किंवा सरकारी योजनेच्या फायलीत दोन अवयव, दोन स्टेज दिसल्या की मंजुरी अडते. उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून ‘दोन्ही रिपोर्ट एकाच ऑपरेशनचे, अंतिम निदान अमुक’ असं पत्र आताच घेऊन ठेवा.

आता तुमचं आणि मावश्यांचं. सीए १२५ आणि सोनोग्राफी दरवर्षी करून घ्या असं तुम्हाला कोणीतरी सांगेलच. इंग्लंडमध्ये दोन लाखांहून जास्त, ५० ते ७४ वयाच्या बायकांवर हे करून पाहिलं. २०२१ चा निकाल असा की मृत्यू कमी झाले नाहीत. रक्त आणि सोनोग्राफी मिळून तपासलेल्या गटात आजार थोडा लवकर सापडला, तरी मृत्यू तेवढेच. मोहरी आणि नारळाचं गणित आठवलं तर यात नवल वाटणार नाही. शिवाय पहिल्या स्टेजला सीए १२५ निम्म्या बायकांतच वाढलेलं असतं, आणि ते वाढायला कॅन्सरच लागतो असंही नाही. एंडोमेट्रिओसिसमध्ये वाढतं, पोटाच्या टीबीत तर शेकड्यांत जातं. पोटात पाणी आणि सीए ४००, म्हणून ऑपरेशनच्या तयारीने आलेल्या बायका मी टीबीच्या गोळ्या देऊन घरी पाठवल्या आहेत.

त्यापेक्षा आईंच्या रक्ताची बीआरसीए तपासणी करा, आणि आधी त्यांचीच. हाय ग्रेड सिरस असलेल्या प्रत्येक रुग्णाला ती सांगितली जाते, घराण्यात कोणाला नसलं तरी. दोष सापडला तर तुम्हाला तो असण्याची शक्यता निम्मी, भाऊ असेल तर त्यालाही निम्मी. हा दोष बापाकडूनही येतो, हे आपल्याकडे विसरलं जातं आणि मामा-काकांच्या मुली यादीतून गळतात. दोष असेल तर वयाच्या ८० पर्यंत या कॅन्सरचा धोका बीआरसीए १ मध्ये साधारण ४४ टक्के आणि बीआरसीए २ मध्ये १७ टक्के असतो, सर्वसाधारण बाईला तो शेकडा एकाच्या आसपास. अशांना मुलंबाळं झाल्यावर, बीआरसीए १ असेल तर ३५ ते ४० आणि २ असेल तर ४० ते ४५ या वयात, अंडाशय आणि नळ्या दोन्ही काढायचा सल्ला देतो. स्तनांची तपासणी त्याच्या कितीतरी आधी सुरू होते. तुम्ही ३१ च्या, म्हणजे घाईने काही कापायची गरज नाही, पण आईंचा रिपोर्ट येईपर्यंत विषय बाजूलाही टाकू नका. आईंच्यात दोष निघाला नाही तर तुमच्यावरचं सावट पुष्कळ हलकं होतं.

मावश्यांपैकी कोणाची पिशवी फायब्रॉइडसाठी काढायची चालली असेल, किंवा घरात कोणाचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन ठरत असेल, तर नळ्या बांधण्याऐवजी पूर्ण काढता येतील का हे विचारायला सांगा. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २०१० पासून डॉक्टरांना हाच सल्ला द्यायला सुरुवात केली. मूल नको असेल तर नळीचं पुढे काही काम उरत नाही, आणि अंडाशय जागेवर राहिल्याने पाळी लवकर जात नाही. फक्त बीआरसीए दोष असलेल्यांनी एवढ्यावर भागवू नये.

पुढच्या ओपीडीला जाताना स्लाइडबरोबर ब्लॉकही परत मिळाले का ते बघा. पुढे कुठली तपासणी लागली तर ती ब्लॉकवर होते, स्लाइडवर भागत नाही. आणि मोठ्या मावशींना फोन करून आजीचं विचारा: ‘पोटात पाणी झालं’ तेव्हा वय काय होतं, पाणी काढून तपासलं होतं का, तिच्या बहिणींपैकी कोणाच्या छातीत गाठ होती का. कागद गेले असं सगळे म्हणतात, पण बहुतेक घरांत एखाद्या ट्रंकेत, जुन्या रेशनकार्डाच्या पिशवीत, तो एक कागद निघतो. मिळाला तर फोटो नको, मूळ कागदच घेऊन जा.